काळी पाचचा सा

मिरज म्हटलं की लोकांना सतारमेकर गल्ली आठवते. तारांच्या या गावात आमचं घर मात्र फुंकेचं. आजोबा सनई वाजवायचे, आप्पांनी बँडमध्ये कॉर्नेट धरला आणि दहाव्या वर्षी माझ्या हातात मेरठच्या जाली कोठीत घडलेला ट्रम्पेट आला.

हातात आला म्हणजे लगेच वाजवायला मिळाला असं नाही. पंधरा दिवस आप्पांनी नुसता माउथपीस दिला. ओठ मिटायचे, गाल फुगवायचे नाहीत आणि भुंगा घुमावा तसा आवाज काढायचा. "गालात हवा साठवू नकोस बाळा, दम पोटात धर." सोळाव्या दिवशी माउथपीस नळीत बसला. तीनपैकी एकही पिस्टन न दाबता मी फुंकलं आणि एक लांब सूर निघाला. आप्पांनी पेटीवर काळी पाच दाबून धरली. दोन्ही सूर एकमेकांत विरघळले. "हा तुझा सा," ते म्हणाले.

पुढची आठ-नऊ वर्षं लगीनसराई हीच माझी शाळा. नवं गाणं दोनदा ऐकायचं आणि संध्याकाळी वरातीत वाजवायचं. मे महिन्यात चार चार तास वाजवून ओठ सुजायचे. लोक नाचायचे, पैसे ओवाळायचे. पण 'बँडवाले' यापलीकडे आम्हाला कुणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. आप्पा म्हणायचे, "'अलबेला'ची गाणी सगळ्यांना पाठ आहेत. सी. रामचंद्रांकडं ट्रम्पेट वाजवणारा चिक चॉकलेट कुणाला ठाऊक आहे?" गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, तोच चिक चॉकलेट. ते नाव मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

एकोणिसाव्या वर्षी मुंबईत पहिलं रेकॉर्डिंग मिळालं. हेडफोन चढवला, समोर स्टाफ नोटेशनचा कागद आला. मला जेमतेम अक्षरओळख होती. कागदावर सी दिसला, मी माझा सी वाजवला आणि काचेपलीकडे सगळ्यांच्या माना वर झाल्या. ट्रम्पेटचा सी म्हणजे पेटीवरची काळी पाच. कागदावर पांढरी एक होती. प्रत्येक सूर एक अख्खा स्वर चढवून वाचायला हवा होता. आप्पांनी पहिल्याच दिवशी दाखवलेली गोष्ट, पण मी ती कागदाशी कधी जोडलीच नव्हती. दोन टेक झाले. मग अरेंजरनं शांतपणे कीबोर्डवर ट्रम्पेटचा आवाज लावला आणि तो तुकडा बोटांनी वाजवून टाकला. ते गाणं आजही लागलं की माझा कान तिथंच अडतो. त्यातल्या प्रत्येक सुराची सुरुवात अगदी एकसारखी आहे. कुठं दम घेतलेला नाही, कुठं ओठ थकलेला नाही.

त्यानंतर दोन वर्षं मी एका वयस्कर गोवेकर वादकांकडे वाचन शिकलो. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरांना लहानपणीच सोल्फा आणि लेखी संगीत शिकवत. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गोवेकर इतके का होते, ते तिथं कळलं. ट्रिनिटीच्या परीक्षाही देतो आहे. कान घरचा आहे, डोळा आता तयार होतोय.

पण मला नुसता वाचणारा वादक व्हायचं नाही. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं. तिथं ऐकलेला भीमपलासचा कोमल गंधार ट्रम्पेटवर उतरवायचा तर पिस्टन अर्धाच दाबून, ओठ सैल करत खाली यावं लागतं. सूर फाटतो, घसरतो. महिनोन्महिने तेच करतोय. मला रेकॉर्डिंगसाठी अरेंजमेंट लिहायची आहे: दोन ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन. वाजवणारे वरातीच्या बँडातले, त्यांना वाचायला मी शिकवणार, आणि प्रत्येकाचं नाव श्रेयनामावलीत येणार.

गेल्या महिन्यात माझा पहिला तुकडा पूर्ण झाला. दुसरी ओळ आप्पांनी कॉर्नेटवर वाजवली, घरातच, खिडक्यांना गोधड्या लावून. गाणं पाठवताना अर्जात 'वादक' असा रकाना होता. आप्पांना विचारलं, नाव कसं लिहू? त्यांनी चष्मा लावला, माझ्या हातातून फोन घेतला आणि एकेक अक्षर शोधत स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, लिहिलं.