हिमनदीचं सस्पेन्स खातं

गोमुखाच्या पुढे तपोवनाकडे जाताना गंगोत्री हिमनदी ओलांडावी लागते हे कळल्यावर मी ऐटीत म्हटलं, "आता बघ, पांढराशुभ्र बर्फ!" प्रत्यक्षात पुढ्यात आलं ते काम अर्धवट टाकून पळालेल्या कंत्राटदाराचं आवार. खडीचे ढीग, मध्ये खड्डे, पलीकडे पुन्हा ढीग.

"अहो, हिमनदी कुठाय?" हिनं विचारलं.

वाटाड्या म्हणाला, "माताजी, आप उसी पर खड़ी हैं।"

आता मी पडलो बी.कॉम. दगडांशी माझा संबंध तांदूळ निवडण्यापुरता. पण हा हिशेब मला कळला. दोन्ही अंगच्या कड्यांवरून दगड कोसळतात आणि सुमारे ३० किलोमीटर लांबीची ही हिमनदी ते पाठीवर घेऊन खाली येते. सरकारी टपालासारखे, सावकाश. या दगडमातीचा थर पातळ असेल तर तो ऊन शोषून खालचा बर्फ लवकर वितळवतो. काही सेंटिमीटरहून जाड झाला की तोच पांघरूण होतो. लादीवर भुसा आणि गोणपाट टाकणाऱ्या आमच्या बर्फवाल्याला हे भूगोल न शिकताच ठाऊक होतं!

तर पांघरुणाखालचा बर्फ उंच राहतो, शेजारचा खचतो. मग उंचवट्यावरचे दगड घसरून खड्ड्यात जातात. आता पांघरूण खड्ड्याला, उघडा पडला उंचवटा. तो वितळतो आणि कालचा खड्डा आज टेकडी! आमच्या बदल्यांच्या ऑर्डरी बऱ्या. अखेर बर्फ संपतो, दगड असतील तिथं बसतात आणि दरीभर टेंगळं उरतात. त्यांना म्हणतात हिमोढ.

तोवर मात्र टेकडीच्या पोटात बर्फ असतो. न जुळणारी रक्कम आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो, तसंच हे. वरून ताळेबंद चोख. सव्वातीन रुपयांच्या अशा एका नोंदीपायी मी रात्री दहापर्यंत बसलेलो आहे.

पण सव्वातीन रुपयांनी माणसं मरत नाहीत. केदारनाथच्या वर चोराबारी हिमनदीच्या हिमोढानं एक तलाव अडवला होता. बांध कसला, सैल दगडमातीचाच. जून २०१३ च्या पावसात तो भरला, १७ तारखेच्या सकाळी बांध फुटला आणि काही मिनिटांत तलाव रिकामा झाला. सारं पाणी खाली, माणसांवर.

"मी इथं जरा टेकू का?" हिनं एका ढिगाकडे बोट दाखवून विचारलं.

मी वाटाड्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "बैठिए, माताजी। पर जल्दी उठिए।"