डबा कुणी भरायचा?

गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात रक्तदान शिबिर होतं. दरवर्षी मी नाव देते आणि दरवर्षी काहीतरी काम निघून राहून जातं. या वेळी गेले. सिस्टरनी बोटाला टोचलं, थेंब मशीनवर घेतला आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमचं रक्त घेता येणार नाही. हिमोग्लोबिन 9.1 आहे. द्यायला किमान साडेबारा लागतं. सकाळी काय खाल्लंय?"

मी म्हणलं, "चहा."

"आणि?"

"परत चहा."

त्या हसल्या. मला काही हसू येईना. कारण त्याच सकाळी साडेपाचला उठून मी तीन डबे भरले होते. ह्यांची कुपवाड एमआयडीसीत पहिली पाळी, सातला हजर पाहिजे. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. शिवाय आईंना, म्हणजे सासूबाईंना, मऊ भात आणि वरण झाकून ठेवलेलं. चार माणसांच्या पोटाची सोय करून मी एसटी पकडली होती. पाचवं माणूस त्या हिशेबात नव्हतंच. दुपारी पर्समध्ये जे असेल ते. बऱ्याचदा रात्रीची चपाती नि लोणचं.

यात माझं काही विशेष आहे असं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. निम्म्याहून जास्त! म्हणजे एसटीत माझ्या शेजारच्या सीटवर बसलेलीलाही असणार. आम्ही दोघी खिडकीला डोकं टेकून झोपतो आणि म्हणतो, "दगदग फार होते बाई."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या घेतल्याच पाहिजेत, इतकं खाली गेलेलं नुसत्या खाण्यानं भरून येत नाही. पण त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. जेवणाला लागून चहा घेऊ नका, अन्नातलं लोह अंगी लागत नाही. तासभर तरी जाऊ द्या. आणि उसळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळा, त्यानं लोह जास्त शोषलं जातं. मी विचारलं, गूळ खाऊ का? तर म्हणाले, "गूळ साखरेचाच भाऊ आहे हो. चवीला खा, औषध म्हणून नको."

यानंतर पंधरा दिवसांत शाळेची पालक सभा झाली. दुपारी अडीच वाजता, म्हणजे मला अर्धी रजा टाकून जावं लागलं. हॉलमध्ये बघितलं तर चाळीसेक बायका आणि चार-पाच पुरुष, तेही दाराजवळ उभे. डब्याचा विषय निघाला. "मुलं मैद्याचं, पाकिटातलं फार आणतात. मातांनी याकडे लक्ष द्यावं." मग एक छापील कागद वाटला, महिन्याभराचे तीस पौष्टिक पदार्थ. पालक-पनीर रोल, व्हेज कटलेट, मिश्र डाळींचे आप्पे. रोज नवीन. कुणी करायचं? मातांनी.

बाईंचा हेतू चांगलाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण बाहेर पडले तर गेटला लागून असलेल्या टपरीवर तीच पाकिटं माळेसारखी टांगलेली. शाळेच्या आत आणि गेटपासून 50 मीटरपर्यंत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकायचे नाहीत असा एफएसएसएआयचा 2020 चा नियम आहे. तो किती जणांना माहीत आहे? नियम कागदावर आणि कागद आमच्या हातात.

त्या रात्री जेवायला बसल्यावर मी तो कागद सगळ्यांच्या मध्ये ठेवला. भांडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी आवाज चढलाच. म्हणलं, "यातलं एकही मी करणार नाही. माझ्याच्यानं होत नाही. माझं रक्त 9 वर आलंय." हे म्हणाले, "मग विकतचं आणू काहीतरी." मुलगी म्हणाली, "मम्मी, रोज नवीन नकोच गं आम्हाला. सारखंच चालतं." आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्यात सोळा माणसं होती. शेवटी मी बसायची तवा कालवण संपलेलं असायचं. कोरड्यास नसलं की पाण्यात भाकरी कुस्करून खायची. मला कुणी इचारलं न्हाई, आन् मी सांगितलं न्हाई."

कुणी काही बोललं नाही. पण त्या रात्रीनंतर घरात थोडं थोडं बदलत गेलं. ते कसं, हे लिहायलाच ही पोस्ट आहे. रेसिपी म्हणून नका वाचू. यात नवीन काही नाही, सगळं आपल्याच घरांतलं आहे.

पहिली गोष्ट केली ती पैशाचा हिशेब. दोन पोरं, दिवसाला प्रत्येकी दहा-दहाची दोन पाकिटं. रोजचे चाळीस, महिन्याचे बाराशे! तेवढ्यात आमच्या सांगलीच्या बाजारात किलो किलो फुटाणे आणि शेंगदाणे, अर्धा किलो बेदाणे, थोडा गूळ आणि अंड्यांचे दोन ट्रे येऊन वर पैसे उरले. तासगावचे बेदाणे जगभर जातात आणि आमची पोरं मक्याच्या पिठाची नळकांडी खातात. आता फुटाणे-शेंगदाणे-बेदाण्याचा एक मोठा डबा खालच्या फळीवर असतो, पोरांचा हात पोचेल असा. हे महत्त्वाचं आहे बरं का. भुकेलेलं पोर हाताला लागेल ते खातं. पाकीट हाताला लागत होतं म्हणून पाकीट खात होतं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, फुटाण्यात वीसच्या वर. बिस्किटाच्या पाकिटामागं वाचून बघा काय लिहिलंय ते.

दुसरं, शनिवारची भिजवण. मूग, मटकी किंवा हरभरे सकाळी भिजत घालायचे, रात्री उपसून फडक्यात बांधायचे. रविवारी मोड. थंडीत एक दिवस जास्त लागतो. हे मोड फ्रिजमध्ये तीन-चार दिवस नीट राहतात. सोमवारी उसळ, मंगळवारी कांदा-लिंबू घालून भेळेसारखं, बुधवारी मूग वाटून धिरडी. भिजत घालायचं काम मुलाकडे आहे. दोनदा विसरला. त्या दोन्ही आठवड्यांत मी गुपचूप भिजवलं नाही. पिठलं-भाकरी केली. पिठलं काय वाईट आहे? बेसन म्हणजे हरभऱ्याची डाळच की.

तिसरं, भाजणी. आमचं प्रमाण असं: दोन किलो ज्वारी, एक किलो बाजरी, अर्धा अर्धा किलो तांदूळ आणि हरभरा डाळ, पाव पाव किलो उडीद आणि मूग, मूठभर धने, थोडे जिरे. सगळं वेगवेगळं भाजायचं, गार झालं की गिरणीत. आईंचे गुडघे गेलेत, उभं राहवत नाही. पण ओट्याजवळ खुर्ची टाकून बसतात आणि धान्य नेमकं कधी उतरवायचं ते वासावरून सांगतात. भाजतात हे. पहिल्यांदा उडीद करपवले, घरभर धूर! आता जमतं. थालीपिठात कांदा, मेथी, कोबी, गाजर, घरात असेल ते ढकलायचं. दह्याबरोबर दिलं की डबा झाला. त्याला तीस प्रकार लागत नाहीत.

चौथं, संध्याकाळचे पाच. आमच्याकडे खरी लढाई तिथंच होती. पोरं पाचला घरी, मी पावणेसातला. हे साडेतीनला सुटतात, चारला घरात. पूर्वी काय व्हायचं? टीव्ही लागायचा, पाकिटं फुटायची आणि मी आल्यावर सगळ्यांचं एकच, "चहा ठेव." आता पाचचं खाणं ह्यांच्याकडे. उकडलेली रताळी, उकडलेली अंडी, केळं, दहीपोहे, मेतकूट-भात, शेंगदाण्याच्या चटणीशी भाकरी. एवढ्याच पाच-सहा गोष्टी त्यांना येतात आणि तेवढ्या पुरतात. उलट पोटभर खाल्लं की पोरं रात्री आमटी-भाकरी, भाजी, काकडी-टोमॅटो कुरकुर न करता जेवतात.

आणि पाचवं, माझा डबा. तो आता पहिला भरला जातो. हा नियम मुलीनं केला. उसळ झाली की ती आधी माझा डबा काढते, लिंबाची फोड ठेवते, झाकण लावते. मला पहिले काही दिवस फार अवघडल्यासारखं व्हायचं. आपलं आधी कसं काढायचं? पोरांना कमी पडलं तर? ही सवय मी कुठून घेतली ते आईंच्या बोलण्यातून कळलं होतं. ती मुलीकडे जायला नको, एवढ्यासाठी गप्प बसते.

लगेच सगळं गोड झालं असं समजू नका. आजही एखाद्या आठवड्यात गाडी घसरते. ह्यांची पाळी बदलली की परत माझ्यावर येतं. ह्यांच्या कंपनीतले मित्र चेष्टा करतात. परवा एक नातेवाईक बाई आल्या आणि म्हणाल्या, "भाग्यवान आहेस, नवरा मदत करतो." मदत! माझ्या स्वयंपाकाला कुणी माझी मदत म्हणत नाही. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी 289 मिनिटं बिनपगारी घरकाम करतात असं आलंय. पुरुष 88 मिनिटं. म्हणजे बाई पावणेपाच तासांवर, पुरुष दीड तासही नाही. पोषण पोषण म्हणतात ते या मिनिटांतच अडकलंय.

आता माझ्यापुरतं बोलून थांबले तर ते बरोबर होणार नाही. माझ्याकडे फ्रिज आहे, गॅस आहे, महिन्याचा पगार आहे. आमच्या भागात कारखाने सुरू झाले की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यातली बाई पहाटे तीन-चारला भाकऱ्या थापून फडात जाते. तिला मी काय भाजणीचं प्रमाण सांगू? अशा पोरांसाठी शाळेतलं दुपारचं जेवण हेच दिवसातलं नीट जेवण असतं, तेही शाळेपर्यंत पोचली तर. योजनेत पाचवीपर्यंतच्या मुलाला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, सहावी ते आठवीला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम. आपल्या राज्यात नोव्हेंबर 2023 मध्ये या जेवणात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं होतं. जानेवारी 2025 मध्ये त्याचा जादा निधी बंद झाला आणि शाळांना सांगितलं, लोकवर्गणीतून बघा. एक अंडं, आठवड्यातून एकदा. ज्याला नको त्याला केळं. तेवढंही आपल्याला जड झालं का?

म्हणून माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. पालक सभा रविवारी किंवा संध्याकाळी घ्या आणि चिठ्ठीवर "माता" न लिहिता "आई-वडील" लिहा. 50 मीटरचा नियम शाळेच्या गेटवर मोठ्या अक्षरात लावा, आणि टपरीवाल्याचं पोट मारू नका, त्याला फुटाणे, केळी, राजगिऱ्याचे लाडू ठेवायला सांगा. आम्ही घेऊ. अंड्याचे पैसे परत सुरू करा. मी हे सगळं शाळा व्यवस्थापन समितीला लेखी दिलंय. पुढच्या सभेत विषय घेऊ म्हणालेत. बघू.

परवा परत रक्त तपासलं. 11.2. अजून बाराच्या खालीच आहे, गोळ्या चालू आहेत. पण एसटीत खिडकीला डोकं टेकून झोप लागणं बंद झालंय.

वाचणाऱ्या बायांनो, एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात होतं. आणि दादा लोकांनो, उद्या सकाळी एवढंच बघा, घरातून किती डबे निघतात आणि त्यात तिचा आहे का. नसेल तर काय करायचं ते मी सांगायला नको.

तुमच्या घरात पाचच्या भुकेला काय असतं, आणि ते कोण करतं, तेही लिहा. आम्हाला पाच-सहाच गोष्टी येतात, अजून दोन-चार चालतील.