क्रीम वर, कॉफी खाली

तर मंडळी, आधीच सांगते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे मेसच्या आमटीत डाळ शोधता तशा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका शोधत बसू नका!

विषय आहे आयरिश कॉफी. रेक्टर मॅडम, घाबरू नका. घटना हॉस्टेलची नाही, घरची आहे. आणि महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात, माझी २०च झालीत. मी फक्त कॉफी विभाग सांभाळला.

माझा दादा ३ वर्षांपूर्वी सरकारी कंपनीतली नोकरी सोडून आयर्लंडला शिकायला गेला. बाबांना ते अजिबात पटलं नाही. भांडण झालं नाही, तेच वाईट. त्याचा फोन आला की बाबा "थांब, आईला देतो" म्हणायचे. ३ वर्षांत दोघांचं संभाषण एवढंच.

यंदा दिवाळीत तो पहिल्यांदा घरी आला. बॅगेत एक मोका पॉट आणि ड्यूटी फ्रीमधली आयरिश व्हिस्की. भाऊबीजेच्या रात्री म्हणाला, "बाबांसाठी करू या." आईने "सणासुदीचं हे काय रे?" असं बघितलं, आणि मग गुपचूप फ्रीजमधलं क्रीम काढून दिलं.

मोका पॉट हे १९३३ सालचं इटालियन प्रकरण. खालच्या भांड्यात व्हॉल्व्हच्या खालपर्यंत पाणी, मधल्या गाळणीत कॉफी, ती दाबायची नाही. तापलं की वाफ पाण्याला कॉफीतून वर ढकलते. खऱ्या एस्प्रेसो मशीनला साधारण ९ बार प्रेशर लागतं, याला दीडेक. म्हणजे एस्प्रेसो नव्हे, एस्प्रेसोचा चुलतभाऊ. (थर्मोत के.टी. लागलेल्यांनी नोंद घ्यावी!)

ग्लास गरम पाण्याने विसळला. त्यात साखर, कॉफी, ४० मिली व्हिस्की. मग जेमतेम फेटलेलं क्रीम चमच्याच्या पाठीवरून हळूहळू सोडायचं. दादाचा हात थरथरत होता. क्रीम खाली गेलं, सगळं गढूळ.

इतका वेळ पेपरमागे बसलेले बाबा उठून आत आले. "साखर कमी पडली. साखरेने घनता वाढते, तेव्हा क्रीम तरंगतं." ३० वर्षं केमिस्ट्री शिकवलीय, राहवणार कसं? दुसऱ्या ग्लासात साखर त्यांनी स्वतः ढवळली, क्रीम दादाने सोडलं. पांढरा थर मस्त वर राहिला.

"काढलं कुणी हे?" बाबांनी विचारलं. दादा सांगू लागला. १९४०च्या दशकात आयर्लंडमध्ये फॉइन्सला पाण्यावर उतरणारी विमानं यायची. तिथल्या जो शेरिडन नावाच्या शेफने गारठलेल्या प्रवाशांसाठी ही कॉफी केली. हवा खराब म्हणून त्यांचं विमान अर्ध्या वाटेतून परत आलं होतं, असं सांगतात.

बाबा ग्लासकडे बघत म्हणाले, "परत आलेल्या माणसाला काहीतरी गरम द्यावंच लागतं."

मी माझी बिनव्हिस्कीची कॉफी घेऊन गच्चीवर सटकले. खाली दोघं किती वेळ बोलत बसले, देव जाणे.

परवा हॉस्टेलवरून बाबांना फोन लावला, तर बिझी. वीस मिनिटांनी लागला.

"दादाचा होता," बाबा म्हणाले.

"आईशी बोलत होता?"

"नाही, माझ्याशी. थांब, तुला आईकडे देतो."

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)