तेल, चिंधी आणि फूटपट्टी

कोणतीही हौस घरांत एकटी कधींच येत नाहीं. लग्नाच्या वऱ्हाडाप्रमाणें तिच्यामागून सामानाची रांग लागलेली असते. आमच्या कन्येनें डोंगरी सायकल घेतली (तिची पिढी तिला 'माउंटन बाइक' म्हणते), तेव्हां घरांत एक वाहन आलें असें आम्हांस वाटलें. पण दोन महिन्यांच्या आंत शिरस्त्राण आलें, हातमोजे आले, धुळीचा चष्मा आला, पुढचा पांढरा व मागचा लाल दिवा आला, आणि सायकल चालवितांनाच नळीनें पाणी पिण्याची एक पाठपिशवीही आली. हा पसारा पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढ्या पैशांत घोडा नसता का आला?" घोडा म्हटला कीं रोजचा खरारा आला, आणि सायकलीच्या त्या खराऱ्याविषयींच आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

शिरस्त्राणाची थट्टा आम्ही करणार नाहीं. रविवारीं सकाळीं मुलगी सिंहगडाचा घाट चढते आणि उतरते. तिच्या डोक्यावर तें आहे, म्हणूनच आमचा चहा घशाखालीं उतरतो. पण शिरस्त्राण उपयोगी पडतें तें माणूस पडल्यावर. पडण्याची पाळी येऊं नये म्हणून जें करावें लागतें, तें कोणत्याही दुकानांत विकत मिळत नाहीं.

या सायकलीचा पूर्वेतिहासही हेंच सांगतो. अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांतील मरीन परगण्यांत, कांहीं तरुणांनीं १९७६ सालीं जुन्या, जाड टायरांच्या सायकली डोंगरउतारावरून पळविण्याच्या शर्यती सुरू केल्या. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्यें असे. पेडल उलटें दाबलें कीं तो लागे. सुमारें दोन मैलांत १३०० फूट उतरतांना तो इतका तापे, कीं आंतलें ग्रीस धूर होऊन उडून जाई, आणि मग हब खोलून नवें ग्रीस भरावें लागे. म्हणून त्या उताराचें नांवच 'रिपॅक', म्हणजे 'पुन्हां भरणें', असें पडलें. ज्या खेळाची पहिली नांवाजलेली शर्यत दुरुस्तीच्या नांवानें ओळखली जाते, त्या खेळांत हात काळे करावयास लाजून कसें चालेल?

पण आम्हां पांढरपेशांची समजूत अशी, कीं लेखणी आपली आणि पाना मिस्त्रीचा. एम. ए. झालेले आमचे एक स्नेही डावें पेडल काढावयास अर्धा तास झटले. शेवटीं कन्या हळूच म्हणाली, "काका, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात." पाना घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें फिरवितांच पेडल सुटलें!

वस्तुतः ही सेवा फार सोपी आहे. साखळीच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचें अंतर अर्धा इंच असतें. एका पिनेवर फूटपट्टीचें शून्य ठेवावें. तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर आली, तर साखळी ठीक. ती इंचाचा सोळावा हिस्सा पुढें सरकली असेल, तर साखळी बदलावी. आठवा हिस्सा सरकेपर्यंत थांबलें, तर ती दांतेरी चक्रांनाही झिजविते, आणि खर्च कैक पटींनीं वाढतो. तेल घालण्यापूर्वीं साखळी चिंधीनें पुसावी, प्रत्येक जोडावर एकेक थेंब सोडावा, पेडल उलटें फिरवावें आणि वरचें तेल पुन्हां पुसून टाकावें. बाहेर राहिलेलें तेल धूळ धरतें, आणि तें मिश्रण कानशीसारखें साखळी खातें.

तेल ब्रेकच्या तबकडीजवळ मात्र जाऊं देऊं नये. तबकडीला लागलेलें तेल पॅड शोषून घेतात आणि ब्रेक धरीनासा होतो. घाटांत सारा भार त्या सुपारीच्या चकतीएवढ्या पॅडांवर असतो. त्यांचा घासणारा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला, कीं ते बदललेच पाहिजेत. ब्रेकच्या नळींतलें तेल बदलणें किंवा पुढच्या काट्याची स्प्रिंग खोलणें, हीं मात्र जाणत्या मिस्त्रीचीं कामें; तीं त्याच्याकडेच द्यावीं.

शनिवारीं संध्याकाळीं आम्ही बापलेक व्हरांड्यांत वर्तमानपत्र पसरून बसतों. एरवीं "कशी आहेस?" या प्रश्नाला "बरी आहे" एवढेंच उत्तर देणारी मुलगी, चाक फिरत असतां किती बोलते! पुढच्या वर्षीं ती शिक्षणासाठीं परगांवीं जाईल; तेथल्या डोंगरांवर तिच्या मागें आम्ही नसूं. म्हणून अलीकडे "बाबा, पॅड पाहिलेत का?" असें तिनें विचारलें, कीं आम्ही चिंधी तिच्या हातीं देतों आणि म्हणतों, "तूंच पाहा, आणि किती उरलेत तें मला सांग."