घोडागाडीतून राजाच्या हरणबागेत

कोपनहेगनहून लोकलने वीसेक मिनिटांत क्लाम्पेनबोर्ग येतं. स्टेशनाबाहेर लाल फाटकापाशी घोडागाड्या उभ्या असतात. आत ड्यूरेहेवन, म्हणजे राजाची हरणबाग. मोटारींना मज्जाव. कामानिमित्त इथे असताना एका रविवारी आम्ही मुलीला घेऊन गाडीत बसलो.

जुने ओक, मोकळं गवत आणि सुमारे २,००० हरणं. टापांचा आवाज त्यांच्या सवयीचा झालेला. १६६९ मध्ये तिसऱ्या फ्रेडरिक राजाने इथे कुंपण घालायला घेतलं. मग पाचव्या ख्रिश्चनने शिकारीसाठी बाग वाढवली. कुत्र्यांनी हरणाला दमेपर्यंत पळवायचं आणि घोडेस्वारांनी मागून गाठायचं, अशी ती शिकार. त्यासाठी आखलेले सरळसोट रस्ते २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत.

गाडी १७३६ च्या एरेमिटेज महालापाशी येते. भोवतीच्या मैदानात पूर्वी स्टोकेरुप गावाची शेतं होती. बाग वाढवताना गाव उठवलं गेलं. "मग ते लोक कुठे गेले?" मुलीने विचारलं. मला आपल्याकडची धरणाखाली गेलेली गावं आठवली.

१७५६ मध्ये पाचव्या फ्रेडरिकने फाटकं सर्वांसाठी उघडली. आमच्या बडोद्याची कमाटीबाग सयाजीरावांच्या काळात, १८७९ मध्ये, लोकांसाठीच झाली. इथल्या लोकांना मात्र पिढ्यानपिढ्या थांबावं लागलं.

इकडे आलात तर घोडागाडीची फेरी जरूर करा. महालापाशी उतरून मैदानात थोडं चाला आणि मुलांना राजांबरोबर स्टोकेरुपचीही गोष्ट सांगा.