गाडी पळताना नाही, उभी असताना तापते

पोस्ट मोठी आहे, पण आपल्या स्टँडसमोरच्या चौकाच्या रुंदीकरणाबद्दल आहे, त्यामुळे शेवटपर्यंत वाचा. सुरुवात मात्र माझ्या गाडीपासून करतो.

मे महिन्यात आईला डोळे दाखवायला पुण्याला नेलं होतं. परत येताना खंबाटकी घाट चढलो. भर दुपार, एसी चालू, तरी टेंपरेचरचा काटा जागचा हलला नाही. घाट उतरून सुरूरच्या अलीकडे आलो तर गाड्यांची रांग. पुढे कुठेतरी ट्रक बंद पडला होता. दहा मिनिटं एका जागी उभे होतो. आधी एसीतून गरम हवा यायला लागली, मग काटा सरकत सरकत लाल पट्ट्यात गेला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ.

गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. आईच्या डोळ्यांत तपासणीचे थेंब घातलेले, उन्हात तिला डोळे उघडवत नव्हते. तिचा हात धरून झाडाखाली नेऊन बसवलं. तेवढ्यात एक भला माणूस फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघाला. त्याला ओरडून थांबवलं. हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा. आत पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो आणि तेच पाणी उसळून तोंडावर येतं. इंजिन पूर्ण गार होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही.

तासाभराने पाणी भरलं आणि निघालो. गंमत म्हणजे गाडी पळायला लागल्यावर काटा पुन्हा जागेवर, घरापर्यंत काही त्रास नाही.

खरं तर ही दुसरी वेळ होती. पंधरा दिवस आधी गाडी पहिल्यांदा तापली ती आपल्या याच चौकात, संध्याकाळच्या गर्दीत. तेव्हा शहरातल्या एका मोठ्या गॅरेजला दाखवली. त्यांनी कूलंट बदललं, थर्मोस्टॅट बदलला, 4,200 रुपये घेतले. ट्रायल म्हणून हायवेवर दहा किलोमीटर पळवून आणली. काटा हलला नाही. 'झालं काम, साहेब.' सुरूरनंतर त्यांनाच फोन केला, तर गाडी न बघताच उत्तर आलं, "हेड गॅस्केट गेलं असणार. हेड उतरवावं लागेल. 25 हजार धरून चाला."

पैसे जमवायच्या आधी सहज म्हणून आपल्या गावातल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. आधी विचारलं, "पळताना तापती का उभी राहिल्यावर?"

"उभी राहिल्यावर."

"घाटात काटा हालला का?"

"नाही."

"मग हेड कशाला उतरवताय? हेड गेलं असतं नाहीतर थर्मोस्टॅट अडकला असता तर घाटातच बोंब झाली असती. चालू करा गाडी. एसी लावा. आता नुसतं बघत बसू."

आम्ही बघत बसलो. एसी लावला की पुढचा फॅन लगेच फिरायला हवा. तो हलला नाही. मिस्त्रींनी फ्यूज बघितला, तो शाबूत होता. मग फॅनच्या मोटरला बॅटरीवरून थेट वायर दिली, तर फॅन गरगर फिरला. म्हणजे मोटर चांगली. मग फॅनचा रिले काढून त्याच डब्यातला, त्याच जातीचा हॉर्नचा रिले तिथे लावला. फॅन सुरू. रोग सापडला. नवा रिले 300 रुपयांचा.

कारण समजून घेतलं तर सोपं आहे. गाडी पळत असते तेव्हा समोरून वारा येतो आणि रेडिएटर गार होतो. फॅनची गरजच पडत नाही. उभ्या गाडीला वारा कुठून मिळणार? तिथे सगळी भिस्त फॅनवर. त्यामुळे मेलेला फॅन पळत्या गाडीत कळतच नाही. महिनाभर सिग्नलला थांबलो की एसी गार हवा द्यायचा बंद व्हायचा, तीच खूण होती. एसीचं कंडेन्सरही रेडिएटरच्या पुढेच असतं, त्यालाही हाच फॅन लागतो. मी मात्र गॅस कमी झाला असेल म्हणत बसलो.

फॅन फिरत असूनही उभी गाडी तापत असेल तर पुढच्या पायऱ्या आहेत. रेडिएटरच्या जाळीत धूळ-किडे अडकलेत का, कूलंट कमी आहे का, आत हवा अडकली आहे का, वॉटर पंप कमजोर झालाय का. हेड सगळ्यात शेवटी. मिस्त्री म्हणाले ते माझ्या डोक्यातून जात नाही, "जेव्हा दुखतंय तेव्हाच बघावं लागतं. बरं असताना बघून काय कळणार?"

आता चौकाकडे येतो.

गेल्या काही वर्षांत आपल्या चौकात आधी सिग्नल लागला, मग लोखंडी दुभाजक आला, मग दोन गतिरोधक. कोंडी आहे तिथेच आहे. आता रुंदीकरण येतंय. एका बाजूच्या दुकानांचे पुढचे गाळे त्यात जाणार. टेलरचं मशीन, झेरॉक्सवाला, चहाची गाडी नाही तर पिढीजात पक्की दुकानं. हेच ते हेड उतरवणं. त्यासाठी पाहणी झाली ती दुपारी तीन वाजता. त्या वेळी चौक मोकळा असतो, हे तुम्हाला-मला माहीत आहे. म्हणजे ट्रायल पुन्हा हायवेवरच झाली.

म्हणून मी आणि माझा भाचा गेल्या आठवड्यात तीन दिवस संध्याकाळी पाच ते सहा चौकात वही घेऊन उभे राहिलो. कोंडी झाली की फक्त एकच लिहायचं, सगळ्यात पुढे कोण अडकलंय. तिन्ही दिवस जवळजवळ प्रत्येक वेळी तेच निघालं. स्टँडच्या गेटमध्ये वळणारी एसटी. गेटच्या अर्ध्या तोंडाशी रिक्षा उभ्या असतात, एसटीला एका दमात वळता येत नाही, ती रस्त्यात आडवी थांबते आणि मागचं सगळं तुंबतं. दुपारी एसट्या कमी, म्हणून दुपारी काही दिसत नाही.

रिक्षावाल्यांवर राग काढायच्या आधी एक सांगतो. त्यांचा थांबा पूर्वी पलीकडे होता. ती जागा दुभाजकात गेली. दुसरी कुणी दिली नाही, म्हणून ते गेटपाशी आले. एका उपायातून दुसरा आजार झाला.

माझं निदान बरोबरच आहे असा माझा दावा नाही. तीन दिवसांची वही म्हणजे काही शास्त्र नव्हे. पण रिले बदलून बघायला पैसे लागत नाहीत. आठ दिवस रिक्षाथांबा चाळीस पावलं पुढे, जुन्या गोदामाच्या भिंतीकडेला हलवा. रिक्षावाल्यांशी बोलून, त्यांच्या संमतीने. फरक पडला तर गाळे वाचले. नाही पडला तर रुंदीकरणाचा विचार आहेच, मी स्वतः पाठिंबा देईन. पण गाळा एकदा पाडला की तो परत बसवता येत नाही.

या मागणीचा अर्ज तयार आहे. येत्या सोमवारपासून आठवडाभर पाच ते सहा मी चौकातच असेन. सहीला या, आणि जमलं तर तासभर थांबून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. माझं चुकत असेल तर तेही वहीत लिहा.

आणि हो, सिग्नलला थांबल्यावर एसी गार हवा द्यायचा बंद झाला तर आधी फॅन फिरतोय का बघा. आई आता बरी आहे. पण गाडीत बसताना अजून विचारते, "पंखा बघितलास का रे?"