पुडीतली गोळी

आमच्या मंगरूळपीर तालुक्यात दुखण्याला दोन औषधं असतात. एक डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं, दुसरं पुडीतलं. मायनं दुसरं घेतलं. मोठ्या दवाखान्यात जायचं तर अकोला गाठावं लागतं आणि त्यात दिवस जातो. निंदणाच्या दिवसांत मजुरी बुडवून कोण जाणार? पुडी मात्र आठवडी बाजारातच मिळायची.

तिच्या हाताच्या बोटांचे सांधे सुजायचे. सकाळी मूठ मिटायची नाही, भाकर थापायला बसायचं तर उन्हं वर यायची. हे चिकुनगुनियाचं उरलेलं दुखणं आहे, असं घरात सगळे धरून चालले होते. २००६ च्या साथीत अख्खी गावं सांधे धरून बसली होती, त्यामुळे कुठल्याही सांधेदुखीचं खापर त्या तापावर फुटायचं.

पुडीत कागदाच्या घडीत सुट्या गोळ्या असायच्या. पाकिटातून आधीच काढलेल्या, त्यामुळे नाव नाही, ताकद नाही, तारीख नाही. पण गुण आला. पहिल्या बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत माय विळा धरायला लागली. भूक वाढली, चेहरा भरला. बाया म्हणायच्या, ‘माय व, अंग धरलं तुह्या तब्येतीनं!’ आम्हालाही ते खरं वाटलं, कारण दुखण्यानं वाळलेलं माणूस गोल दिसायला लागलं की घराला बरंच वाटतं.

पुढं जे दिसू लागलं त्याचा पुडीशी संबंध कुणाच्या मनात आला नाही. मानेमागं मांसाचा उंचवटा आला, हातपाय मात्र बारीक होत गेले. बांगडी जराशी घासली तरी मनगटावर जांभळा डाग पडे. रात्री झोप नाही. उपाशीपोटी साखर तपासली तेव्हा ती ठीक निघाली. सकाळी घेतलेल्या या गोळीनं साखर दुपारनंतर चढते, उपाशीपोटीच्या तपासणीत ती निसटू शकते, हे फार नंतर कळलं.

मग सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत पुडी देणारा माणूस बाहेरगावी गेला आणि पुड्या संपल्या. काही दिवसांतच मायला उलट्या सुरू झाल्या, उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची, बोलायचंही बळ राहिलं नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब फार खाली गेला होता. तिथल्या डॉक्टरनं तिचा चेहरा, मान, हातावरचे डाग बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, ‘मावशी, कुठल्या पुड्या चालू होत्या?’

सलाईन लावलं, हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत ती उठून बसली. पुडीतल्या गोळीसारखं हे इंजेक्शनही स्टेरॉइडचंच होतं. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात उभं करून समजावलं, ते मी तेव्हाच नीट ऐकून घेतलं. मूत्रपिंडांच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या रोज जेवढं कॉर्टिसोल बनवतात, ते साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे स्टेरॉइडच्या गोळीच्या, बरोबरीचं. बाहेरून रोज त्याहून जास्त मिळत राहिलं की ग्रंथी आपलं काम थांबवतात. बाहेरचं एकाएकी तुटलं तर शरीराजवळ काहीच उरत नाही. ताप, अपघात, ऑपरेशन अशा वेळी तर जिवावर बेततं. म्हणून हे औषध पायरी पायरीनं उतरवायचं असतं.

माझा राग त्या गोळीवर नाही. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी एका तरुण बाईला याच जातीचं कॉर्टिसोन दिलं. तिला संधिवात होता, पुढं मायचाही तोच निघाला; अंथरुणातून हलणं कठीण. काही दिवसांत ती चालत बाजारात खरेदीला गेली. १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. पण औषध थांबवलं की दुखणं परत येतं आणि जास्त दिवस दिलं की शरीराची मोडतोड होते, हे त्या सुरुवातीच्या वर्षांतच डॉक्टरांच्या ध्यानात आलं होतं. माझा राग आहे तो नाव काढून टाकलेल्या कागदावर. काय खातोय हे माणसाला कळू न देणं, यासारखी दुसरी लबाडी नाही.

अकोल्यात मायचं रक्त तपासलं, संधिवात ठरला. त्यावरचं मेथोट्रेक्झेट सुरू झालं. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, रोज नाही, हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि वार ठरवून दिला. सोबत फॉलिक ॲसिड, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. प्रेडनिसोलोन चालूच ठेवलं, सकाळी नाश्त्यानंतर, १० मिलिग्रॅम, मग साडेसात, मग ५. प्रत्येक पायरीला सांधे थोडे कुरकुरायचे आणि माय म्हणायची, ‘पुडीच बरी होती.’ तेही खोटं नव्हतं; तेवढा आराम दुसऱ्या कशानं लगेच मिळत नाही. डोळे तपासले तर मोतीबिंदू धरायला लागला होता. तो काही परत जात नाही. कंबरेचं हाड मात्र वाचलं होतं.

नंतर शेजारच्या घरातला पाच वर्षांचा पोरगा सुजला. सकाळी डोळे उघडेनात, पाय फुगलेले. लघवीतून प्रथिनं जात होती. डॉक्टरांनी लिहून दिलं तेच, प्रेडनिसोलोन, वजनावर हिशेब करून. या आजारात बहुतेक लेकरांना या गोळीनं महिन्याभरात उतार पडतो. पण पोराचा चेहरा गोल व्हायला लागला तशी त्याची आजी घाबरली. मायचं सगळं तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. गोळी बंद करायचं घरात ठरतच आलं होतं.

माय स्वतः उठून त्यांच्याकडं गेली. चिठ्ठी मागून घेतली, माझ्याकडून वाचून घेतली. मग पोराच्या आईला म्हणाली, ‘पोरी, मले कोणती गोळी देत होते ते मलेच माहीत नव्हतं. याची गोळी नावाची हाय, किती द्याची ते लिहेल हाय. डॉक्टर म्हणल तवाच कमी करजो, एकाएकी बंद नोको करजो.’ ताप आला किंवा गोवर-कांजण्यांचं लेकरू जवळ आलं तर डॉक्टरला लगेच कळवायचं, हेही तिनं बजावलं.

पोराची आई आता रोज सकाळी लघवीची पट्टी बघून वहीत लिहिते. प्रथिनं थांबली आहेत. गोळी एक दिवसाआड आहे.